एक कप चहा आणि हरवलेलं पाणी

ती. दाजी,

तुम्हाला आणि ताईला नमस्कार. आधी एका कप चहाचा खर्च मांडतो, म्हणजे इकडची खुशाली वेगळी सांगायला नको. दूध, साखर, पावडर, गॅस मिळून अगदी किरकोळ. त्यावर शिपायाची अर्धी सकाळ, हिशेबनिसाचं एक लांबलचक टिपण, मंडळाची एक तातडीची बैठक आणि सौभाग्यवतींचा अबोला (तो कधी सुटला ते पुढे येईलच). इतका महाग चहा मी आयुष्यात कुणाला पाजला नव्हता, आणि ज्यांच्यासाठी केला त्यांनी तो तोंडालाही लावला नाही.

तुमचे कान कसे आहेत? डॉक्टरला दाखवलेत का? (गेल्या खेपेला आमच्याकडे राहिलात तेव्हा तुम्हाला रात्रभर कुठेतरी पाणी वाहतंय असं ऐकू येत होतं, आणि सकाळी तुम्ही लाल डोळ्यांनी येऊन बसला होतात. मी तेव्हा चारचौघांत हसलो हे खरं, पण ते काळजीपोटी. वय झालं की कानात आवाज येतात, मनावर घेऊ नका.) ताईचे गुडघे काय म्हणतात? लिंबं पोचली असतील. झाडाला मी तांब्याभर पाणी कधी घालत नाही, तरी बारा महिने लगडलेलं असतं. लागतो एकेकाचा हात.

तर आमचं पाणीपुरवठा मंडळ. तुम्हाला माहीतच आहे, ते कुणा शेठचं नाही, गावातल्या सगळ्या नळवाल्यांचं आहे. टाकी लोकांची, पंप लोकांचे, पाइप लोकांचे, आणि शिव्या तेवढ्या अध्यक्षाच्या, म्हणजे माझ्या. निवडणुकीत मी वरच्या वस्तीला नवी पाइपलाइन कबूल करून बसलोय. तिथे अजून बायका बादल्या घेऊन टँकरमागे धावतात. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण तिची अट अशी की हिशेब बाहेरच्या, स्वतंत्र लेखापरीक्षकानं तपासावेत आणि कसलाही शेरा न मारता सही करावी. इतकी वर्षं आमचे हिशेब डुलकीमामा तपासायचे. खुर्चीत बसायचे, फराळ करायचे, डोळा लागायचा, जाग आली की सही करायचे. त्यांना आमच्याविषयी कधी शंका आली नाही. आली असलीच तर झोपेत.

या वेळी बँकेच्या यादीतून आल्या त्या एक बाई. पायात कॅनव्हासचे बूट, डबा स्वतःचा, पाण्याची बाटली स्वतःची, पेन्सिलसुद्धा स्वतःची. आमच्या हिनं पहिल्याच सकाळी घरून आल्याचा चहा पाठवला. बाई म्हणाल्या, "ज्यांचे हिशेब तपासते त्यांचं मी काही घेत नाही." मी म्हटलं, "अहो, चहा आहे, लाच नाही." म्हणाल्या, "मग बिल द्या." आता घरच्या चहाचं बिल कुठून आणू? तोवर शिपायानं कप टेबलावर ठेवलेला, म्हणजे बाईंच्या मते तो दिला गेला. त्यांनी पैसे ठेवले आणि पावती मागितली. हिशेबनीस अडून बसला, की मंडळ पाणी विकतं, चहा विकत नाही, तर हे पैसे कुठल्या खात्यात घालू? शेवटी बैठक बोलावून ठराव केला आणि ते 'किरकोळ जमा' म्हणून लिहिले. घरी आल्यावर मी हे कौतुकानं सांगितलं. "माझा चहा किरकोळ?" एवढंच ही म्हणाली, आणि तिथून अबोला.

खरं संकट पुढेच होतं. बाईंनी टाकीतून सोडलेलं पाणी आणि लोकांच्या मीटरांवर मोजलेलं पाणी असे दोन आकडे शेजारी ठेवले. आम्ही सोडतो त्यातला तिसरा हिस्सा कुणाच्याच मीटरवर नाही. हिशेबनिसानं आमचा नेहमीचा रकाना दाखवला: 'आगी विझवणे व लाइन धुणे, अंदाजे'. बाईंनी विचारलं, गावात आगी किती लागल्या. हिशेबनीस टेबलाकडे बघत म्हणाला, "एक. गवताची गंजी." बाई म्हणाल्या, "एवढ्या पाण्यानं ती विझली नसेल, वाहून गेली असेल." मग शांतपणे समजावलं, की गळती असणं हा काही गुन्हा नाही. पण गळतीला आग म्हणून लिहाल तर मला शेरा मारावा लागेल. आठवड्याची मुदत आहे, शोधा, आणि जे असेल ते लिहा.

दाजी, मी मनातल्या मनात हिशेब मांडला. शेरा आला की कर्ज गेलं, कर्ज गेलं की पाइपलाइन गेली, आणि मग वरच्या वस्तीतल्या बायका त्याच बादल्या घेऊन माझ्या दारात येणार. वाईट एवढंच, की त्यांचं बरोबर असणार. जेवण जाईना. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकलं तरी मला थेंब गळाल्यासारखं वाटे.

पण माझे कान तुम्ही जाणताच. खांद्यावर पाइप वाहण्यापासून सुरुवात केली, आज बाजारात पाइपांचं सगळ्यात मोठं दुकान आहे, ते या दोन कानांच्या जिवावर. जमिनीवर सळई टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, की हातभर खाली काय चाललंय ते कळतं. माझं घर मी उभं राहून बांधलं, त्याखालचा जोडन् जोड माझ्या हातचा. माझ्या हातचा जोड गळत नाही आणि माझ्या कानांतून गळती सुटत नाही, असं मी बाईंना ठणकावून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. (तेव्हाच मला जरा कसंसं झालं होतं.)

मग मी सळई घेऊन गल्लोगल्ली हिंडलो. शिंप्याच्या दुकानापुढे ओणवा झालो तर लोकांना वाटलं भोवळ आली, आणि त्यांनी माझ्या तोंडावर बादलीभर पाणी मारलं (तेही मंडळाचंच, आणि कुठल्याच मीटरवर न चढलेलं). बँकेसमोर गुडघे टेकले तर बातमी उठली, की अध्यक्ष कर्जासाठी लोटांगण घालतोय. वरच्या वस्तीकडे जाताना एका भिंतीला कान लावला, तर पाण्याऐवजी पलीकडच्या दोघी ऐकू आल्या.

"ऑडिटवाली आल्यापासून खाली मान घालून फिरतोय बघ."

"मान कसली, रस्त्याला कान घासतोय."

"काय पुरलंय तिथं?"

"आपली पाइपलाइन. दुसरं काय पुरणार?"

सळई उचलून पुढच्या गल्लीत शिरलो. दिवसभरात मिळालं काय, तर एक गळका व्हॉल्व्ह आणि शाळेमागचा एक फुटका नळ. तेवढ्यानं गंजीसुद्धा विझली नसती.

असो. मुदत संपता संपता मोठी गळती सापडली, दुरुस्त झाली, वाया गेलेलं पाणी 'गळती' म्हणूनच लिहिलं गेलं आणि बाईंनी शेरा न मारता सही केली. कर्जाचं पत्रही आलं. गळती नेमकी कुठे होती हा तांत्रिक तपशील झाला, त्यात तुम्हाला रस नसेल. एवढंच सांगतो, की ती शेवटी कानांनीच सापडली.

ताईला जिने चढू देऊ नका.

तुमचा,
मेहुणा

ता.क. तुम्ही कधीचे राहायला बोलावताय. येत्या शनिवारी आम्ही दोघं येतो, दोन पेट्या घेऊन. बारा-पंधरा दिवस राहू. आमच्या झोपायच्या खोलीची फरशी काढली आहे (साधीच दुरुस्ती). आम्हाला बाथरूमला लागून असलेली खोली द्या. तिथला नळ थोडा गळत असला तर मुद्दाम नीट करून घेऊ नका.

आणखी ता.क. हिनं पत्र वाचलं. म्हणते, अर्धंच लिहिलंय, पुरतं करा, नाहीतर शेरा मी मारते. तर, बाईंनी मीटर तपासायला चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, त्यात आमचं निघालं. सगळे नळ बंद केले, मीटर ढिम्म हलेना. मी मिशीवरून हात फिरवला. बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "मग हा आवाज कसला?" मी म्हटलं, "कसला आवाज? सगळं शांत आहे." त्यावर ही आतून बोलली, आणि अबोला सुटला तो नेमका तेव्हा: "तो होय? तो घर बांधल्यापासून आहे. त्याशिवाय यांना झोप नाही लागत." मंडळाचा मोठा पाइप आमच्या घराखालून जातो, मीटरच्या अलीकडून, आणि घर बांधताना त्याला जोड मीच दिला होता. अहवालात गळतीच्या जागेचा उल्लेख आहे, आणि तो सर्वसाधारण सभेत अध्यक्षानं स्वतः वाचून दाखवायचा असतो. सभा शुक्रवारी आहे, म्हणून शनिवार. लिंबं यापुढे विकत घ्यावी लागतील, झाड सुकायला लागलंय.

शेवटचा ता.क. डॉक्टरकडे जाऊ नका, दाजी. तुमच्या कानांना काही झालेलं नाही. पाणी आमच्या पलंगाखालीच वाहत होतं.