लंकेत निवडून आलेला आपला माणूस

अप्पा,

काल टीव्हीवर एका दूरच्या देशाच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार भांडताना पाहिले. भांडण तिसऱ्याच देशात चाललेल्या लढाईवरून होतं. एक म्हणत होता, मी आलो की लढाई बंद. दुसरा म्हणत होता, घाईनं बंद केलेली लढाई पुन्हा पेटते, आधी मित्रदेशांना विचारावं लागेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी आवाज बंद केला आणि नुसती तोंडं हलताना बघत बसले. ज्यांची पोरं त्या लढाईत अडकलीत असे आईबापही कुठंतरी हेच बघत असतील, शब्द न् शब्द पारखून घेत असतील, असं मनात आलं आणि मग मला जेवण गेलं नाही.

सत्त्याऐंशी साली अण्णाची पलटण शांतिसेनेतून लंकेला निघाल्याचं कळलं तेव्हा माय रडली. तुम्ही मात्र खूश झालात. छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव मांजरा नदीत सोडून आलेला माणूस तुम्ही. लंका म्हटलं की आपल्या साऱ्या ठाणाकुशनूर गावाला रावण आठवायचा, तुम्हाला बोधिवृक्ष आठवायचा. आपला पोरगा बुद्धाच्या देशात चालला, याचंच तुम्हाला कौतुक. येताना अनुराधपूरच्या त्या झाडाचं एक पान आण म्हणून तुम्ही त्याला लिहिलंत. त्याचं उत्तर आलं की इथं उत्तरेकडं विहार नाहीत, ताडाची झाडं आहेत, माणसं आपल्या औरादकडच्या तेलुगू लोकांसारखी दिसतात आणि आम्हाला बघून दारं लावून घेतात. मायला वाचून दाखवताना दारांचं वाक्य तुम्ही गाळलंत. मी शेजारीच सदऱ्याला काजं करत बसले होते, मला दिसलं.

मग त्या देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली आणि आपलं शिलाईचं दुकान म्हणजे जणू कोलंबोची कचेरी झालं. सकाळी रेडिओवर कानडी बातम्या, संध्याकाळी मराठी, आणि बाजारच्या दिवशी औरादहून हैदराबादचा शिळा उर्दू पेपर. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले तुम्ही, तीन भाषांत तेच तेच ताडून बघायचात. मशीनवर कुणाचं तरी धोतर दुमडायचं तसंच पडलेलं असायचं. मुख्य उमेदवार दोन. एक बाई, एक माणूस. आपली फौज परत पाठवायची, यावर दोघांचंही एकमत. बाई म्हणायच्या, दोन सरकारांनी केलेला करारच आधी मोडायचा. त्या माणसाचा सूर वेगळा होता. भारताची फौज जाऊ द्या, मग आमचं भांडण आम्ही आमच्यात मिटवू. तुम्ही त्या माणसाकडं झुकलात. करार फाडला की दोन देशांत तेढ वाढते, आणि तेढ वाढली की शिपाई आहे तिथंच अडकून पडतो, असा तुमचा हिशोब. माझं मन बाईंकडं होतं. मला वाटायचं, फाडायचं तर एकदाच टरकन फाडावं, पोरं घरी यावीत, पुढचं पुढं. पण तुमच्यासमोर मी राजकारण बोलत नसे.

रविवारच्या वंदनेला तुम्ही हा विषय काढलात तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. वंदना झालेली आहे, मेणबत्त्या विझवायच्या आहेत, आणि गावातल्या शाळेचे गुरुजी, आपलेच, आपल्याच गल्लीतले, पायात चप्पल घालता घालता थांबलेत. ते म्हणाले, "अप्पा, उमेदवार कोण्या बी देशाचा असू द्या, उमेदवारच की. कामून इतका जीव लावायलाव?"

तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "गुरुजी, त्ये बौद्ध हाय. आपून आत्ता जे म्हटलं तेच त्ये बी म्हणतंय. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार न्हाई म्हणून शील घेतलेला माणूस खोटं बोलंल कसा?"

गुरुजींनी दुसरी चप्पल पायात सरकवली. इथल्या आमदाराच्या आश्वासनावर तुम्ही थुंकत होतात. बोलाचीच कढी न् बोलाचाच भात म्हणायचात. पण समुद्रापलीकडचा, ज्याचं नावही आपल्या जिभेवर नीट बसत नव्हतं असा माणूस पंचशील म्हणतो एवढ्यावर तुम्ही आपला मुलगा त्याच्या पदरात टाकलात. तुम्हाला भोळं म्हणावं तर जन्मभर कापडाचा सूतभर फरक तुम्हाला चालला नाही. मला वाटतं तुम्हाला दुसरीकडं कुठं हात जोडायला जागाच उरली नव्हती. देव तर तुम्ही स्वतःच मांजरेत सोडले होते.

तो माणूस निवडून आला. तुम्ही परात भरून साखर आणलीत आणि गल्लीत वाटलीत. लोक विचारायचे, कशाची साखर हो अप्पा, पोराचं लगीन ठरलं का? तुम्ही सांगायचात, "लंकेत आपला माणूस आलाय निवडून." तूर काढायला चाललेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पाटलाच्या वाड्यापर्यंत ती गोष्ट गेली आणि पुढं कित्येक दिवस तुम्हाला 'लंकेचे आमदार' म्हणत होते. तुम्हीही हसायचात. अण्णा आला की बघू म्हणायचात.

तो माणूस खरंच बोलला, हे सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात त्यानं जाहीर सांगितलं की फौजेनं आता जावं. तारीखसुद्धा सांगितली. मग दोन सरकारांचं त्या तारखेवरून जमेना. इकडचे म्हणायचे इतक्यात नाही, तिकडचे म्हणायचे आत्ताच. पत्रं जात होती, येत होती, आणि त्या जाण्यायेण्याच्या मधल्या दिवसांत ताडाच्या झाडांमधल्या एका रस्त्यावर पुरलेला सुरुंग फुटला. तार आली तेव्हा तुम्ही शाळेचे गणवेश शिवत होतात. तार इंग्रजीत, म्हणून गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी वाचली आणि तुमच्या हातातला गणवेश काढून बाजूला ठेवला. अण्णाला तिथंच अग्नी दिल्याचं मागाहून कळवलं. एक पेटी आली, त्यात कपडे होते. मायनं ते कधीच धुतले नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी फौजेची शेवटची जहाजं मद्रासला लागली. रेडिओवर बँडचा आवाज आला होता. ज्वारीची काढणी संपली होती, दुपार होती, माय शेजारी गेलेली होती. बातमी संपली. तुम्ही रेडिओ बंद केलात, कानावरची पेन्सिल काढून मशीनवर ठेवलीत आणि म्हणालात, "शब्द पाळला की गं त्यानं."

मी "व्हय" म्हणाले.  तो पावसाळा काही तुम्ही काढला नाहीत. डॉक्टर छातीचं काहीतरी म्हणाले. मी म्हणते, तुम्हाला कुणी फसवलं असतं तर तुम्ही जगला असता. शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं. शब्द दिला, शब्द पाळला, आणि आपलं घर रिकामं ते रिकामंच. याची दाद कुणाकडं मागायची, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता मी गुलबर्ग्यात असते. कुठल्याही देशाची असली निवडणूक लागली की मी बघते, आणि शिसारी आली तरी उठत नाही. कोण लढाई कशी संपवणार ते ऐकते. एकाच्या बोलण्यात आधी करार, दुसऱ्याच्या बोलण्यात आधी माघार, आणि दोघांच्याही बोलण्यात मधले दिवस कुठंच नसतात. लंकेत आपलं मत नव्हतं, अप्पा. साखर मात्र आपण वाटली.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. लिहून झालं की चुलीत घालावं तर आता घरात चूलही नाही. पण एक सांगते. त्या दुपारी मी व्हय म्हणाले तेव्हा माझ्या मनात ती हरलेली बाई होती. ती निवडून आली असती तर अण्णा आला असता, असं मला तेव्हा वाटलं. तिनंही आणला नसता, हे मला चांगलं माहीत आहे. तरी अजून वाटतं.