समुद्रात उघडी, धक्क्यावर बंद

सन्माननीय व्याहीबुवांना नमस्कार.

नमस्कार रागातला आहे, पण आहे. मुलीच्या बापाने व्याह्यांना लिहिताना आधी तब्येतीची विचारपूस करावी एवढी रीत मला कळते, म्हणून विचारतो. आपला गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून वाजतो का? विहीणबाईंचा खोकला थांबला का? कपाट कसं आहे हे विचारत नाही, कारण दोन्ही घरांत मिळून सध्या सुखात असलेली तेवढी एकच वस्तू आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी बरा नाही. गेल्या बारा दिवसांत माझा रक्तदाब एवढा चढलाय की डॉक्टरांनी मशीन बदलून पाहिलं. (मशीन चांगलं होतं.) चिडायचं नाही असं त्यांनी बजावलंय आणि मनात ठेवू नका, बोलून मोकळे व्हा, असंही सांगितलंय. ज्याच्याशी बोलावं असा माणूस एकच, तो म्हणजे आपण, आणि आपल्याशी चढ्या आवाजात बोलायची मला नात्याने सोय नाही. म्हणून लिहितो. सुरुवात ‘आपण’ने केलीय, मध्येच ‘तुम्ही’ झालं तर राग आलाय असं समजावं.

आपला चष्मा अजून दुरुस्त झालेला नसणार, तेव्हा हे पत्र विहीणबाईच मोठ्याने वाचून दाखवत असतील. त्यांना नमस्कार, आणि त्यांना कळावं म्हणून आपल्याला पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगतो. विहीणबाई, जहाजावर कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात ते नुसते ठेवलेले नसतात. प्रत्येकाच्या कोपऱ्यांना भोकं असतात, आणि खालच्या-वरच्या कंटेनरच्या मध्ये, चारही कोपऱ्यांत, एकेक लोखंडी लॉक बसवतात. त्याला बाजूने दांडा. दांडा उजवीकडे ओढला की आतला खटका फिरतो आणि दोन्ही कंटेनर एकमेकांना धरून बसतात; डावीकडे ओढला की सुटतात. खाली उभं राहून दांड्यांची रांग पाहायची, सगळे उजवीकडे असले की जहाज निघायला मोकळं. एवढंच शास्त्र. व्याहीबुवांनी एकवीस वर्षं कंपनीचं लॉकचं गोदाम सांभाळलं, त्यातली शेवटची अकरा मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि ते निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं गोदामाची किल्ली माझ्या खिशात आहे. इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. (पुढचा भाग मनातल्या मनात वाचलात तरी चालेल. पण वाचा.)

चौदा वर्षांपूर्वी नवीन दोनशे लॉकं आली त्या दिवशी व्याहीबुवांची दाढ ठणकत होती. गालाला रुमाल बांधून त्यांनी खोकी न उघडताच माल मिळाल्याच्या चलनावर सही ठोकली आणि दाढ काढायला गेले. दुसऱ्या दिवशी खोकी उघडली तर दोनशेच्या दोनशे उलटी. दांडा डावीकडे म्हणजे बंद, उजवीकडे म्हणजे उघडं. दिसायला मात्र जुन्या लॉकांची जुळी भावंडं. या दोन जाती एका जहाजावर कधी मिसळायच्या नाहीत हे आमच्याकडे झाडूवालाही सांगेल. परत पाठवावीत तर सही झालेली. वरिष्ठांना सांगावं तर त्याच आठवड्यात त्यांनी आपल्याला काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलेलं, त्यावर ठळक अक्षरांत ‘एकही चूक नाही’. मग तुम्ही (हं, झालं सुरू) लाल रंगाचा डबा आणलात. आपण दोघांनी जमिनीवर बसून दोनशे दांड्यांची टोकं लाल केली आणि तुम्ही नियम घालून दिलात: लाल ती मोजायची, पण वापरायची नाहीत. मोजणीला आठशे, कामाला सहाशे. कागदावर एक ओळ नाही. मला शपथ घातलीत, मी ती पाळली. मानपत्र अजून गोदामाच्या भिंतीवर त्याच खिळ्यावर आहे, आणि दर शनिवारी मी त्याची काच पुसतो. पुसताना माझ्या मनात काय येतं ते विहीणबाईंच्या तोंडून तुम्हाला ऐकवणं बरं नाही.

आता नवे साहेब. यांना सगळे टापटीप साहेब म्हणतात (नाव मीच ठेवलंय, पण त्याची वाच्यता नको). पहिल्या दिवशी गोदामात येऊन त्यांनी मला विचारलं की एवढ्या लॉकांच्या किल्ल्या कुठे ठेवता. असा माणूस आमच्या डोक्यावर बसवलाय. कामातलं ओ की ठो कळत नाही, पण डाग दिसला की जेवण जात नाही. विम्याची माणसं पाहणीला येणार म्हणून त्यांनी फर्मान काढलं की गोदामातली प्रत्येक वस्तू पिवळीधमक दिसली पाहिजे. खांब पिवळे, बादल्या पिवळ्या, वजनकाट्याची तबकडीसुद्धा पिवळी. आता वजन वाचायचं तर नखाने खरवडावं लागतं. रंगारी मंगळवारी आले. आणि मंगळवारी मी कुठे होतो? तुमच्या जिन्यात होतो.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं आजवर नुसतं ऐकत होतो. घोडं परवडलं, ते निदान जिना पाहून मागे फिरतं. तुम्ही फोन केलात की नवं कपाट वर चढवायचंय, मजूर ओरखडे पाडतात, घरचं माणूस हवं. आपल्या चिरंजीवांना, म्हणजे माझ्या जावयांना, सुट्टी नव्हती, म्हणून चार तास बसने मी आलो. माप तुम्ही घेतलं होतंत. कपाटाचं घेतलं होतंत, त्याच्या पायांचं राहिलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असं अडकलं की वर जाईना, खाली येईना, आणि तुम्ही खालच्या पायरीवरून मला ‘जरा डावीकडे, जरा उजवीकडे’ असं सांगत होतात. (तेच शब्द. माझ्या नशिबातच आहेत.) बुधवारी संध्याकाळी सुतार येऊन पाय कापून गेला तेव्हा मी मनाशी म्हटलं, पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. तेव्हा मनात म्हटलं होतं, आज लेखी देतो.

इकडे त्या दोन दिवसांत रंगाऱ्यांनी आठशेच्या आठशे लॉकं पटांगणात ओतली, वरून पिवळा फवारा मारला, वाळवली आणि हाताला येतील तशी पेट्यांत भरली. लाल टोकं गेली. बुधवारी जहाज भरलं. टोळीचे मुकादम माझे जावई. त्यांनी रीतसर सगळे दांडे उजवीकडे करून घेतले, खालून रांग पाहिली, अंगठा दाखवला, जहाज गेलं. म्हणजे आपली उलटी होती तेवढी सगळी उघडी. पाच-पाच मजली ढीग लाटांवर डोलतोय, खाली खलाशी जेवतायत, आणि अधूनमधून एकेका कोपऱ्याला कुणी धरलेलंच नाही. देवाची कृपा अशी की पुढच्या बंदरात संप होता. गुरुवारी सकाळी जहाज भरलेलं तसंच परत आलं. जावयांनी पुन्हा रीतसर सगळे दांडे डावीकडे करून घेतले. म्हणजे आता उलटी तेवढी सगळी बंद. समुद्रात उघडी, धक्क्यावर बंद! एवढ्या उफराट्या अकलेचं लोखंड घडवणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे.

मी बसमधून उतरून पिशवी खांद्याला लावून फाटकातून आत येत होतो. समोर सगळं पिवळं दिसलं. ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात क्रेनने वरचा कंटेनर उचलला. त्याच्याबरोबर खालचाही एका कोपऱ्याने वर आला. तिरका. आत तीनशे कमोड. तो एका लॉकला लोंबकळत राहिला, मग लॉक तुटून जहाज आणि धक्का यांच्या मधल्या पाण्यात पडलं आणि कंटेनर खाली आदळला. तीनशे कमोड एकदम फुटल्याचा आवाज कसा असतो ते मला आता ठाऊक आहे. कुणाला ओरखडाही आला नाही. लोक आधी पळाले, मग हसले. मीही हसलो असेन. जावई मात्र होते तिथेच खाली बसले. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ ते दोन्ही हातांनी नुसतं फिरवत राहिले. ते पाच पावलांवर उभे होते. मी नंतर जाऊन मोजली. तुमचा मुलगा, व्याहीबुवा, आणि माझ्या मुलीचा नवरा. पाच पावलं.

यानंतर मी काय केलं असेल? तुमच्या तालमीत तयार झालेला माणूस दुसरं काय करणार? ‘मी बघतो’ म्हणून एकटा वर चढलो, प्रत्येक लॉक हाताने चाचपलं, एकाहत्तर उलटी निघाली, ती काढून गोदामाच्या मागे ताडपत्रीखाली ठेवली आणि मिठाची गुळणी धरून बसलो. तुटलेलं लॉक समुद्राच्या तळाशी. पुरावा संपला. टापटीप साहेबांनी दहा मिनिटांत निकाल लावला की एक दांडा फिरवायचा राहिला, मुकादमाचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी. शनिवारी जावयांना नोटीस आली. येत्या गुरुवारी दहाला चौकशी, आणि चौकशीनंतर कामावरून काढायचं पत्र आधीच टाईप झालंय (टायपिस्टबाईंनी मला दाखवलं, त्यात हेळसांड हा शब्द दोनदा आहे). पहिल्या दिवशी जावई छातीठोक सांगत होते की दांडा मी स्वतः फिरवलाय. परवापासून म्हणायला लागले, बहुतेक फिरवला. आणि काल आमच्याकडे जेवायला बसले असताना माझ्या मुलीला म्हणाले की राहिलाही असेल बाई, काय सांगावं. सतरा वर्षं ज्या हातांनी काम केलं त्या हातांवर त्यांचा विश्वास उरला नाही, आणि मी समोर बसून वाटीतलं ताटात आणि ताटातलं वाटीत करत होतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे कुऱ्हाडही लागली नाही.

मला राग साहेबांचा येतो, रंगाऱ्यांचा येतो, त्या मानपत्राचा येतो, कपाटाचा येतो. तुमचा तर इतका येतो की तुमच्या दाढेचाही येतो. ती काढून चौदा वर्षं झाली तरी अजून मलाच दुखतेय. वाटतं की सरळ येऊन चार शब्द सुनवावेत, नातं गेलं खड्ड्यात.

असो. मोकळं व्हायचं होतं, झालो. डॉक्टरांना सांगेन. आपल्याकडून मला काहीही नको, हे आवर्जून लिहितो. विहीणबाईंनी गरम पाण्याच्या गुळण्या कराव्यात. लोभ आहेच, सध्या राग त्याच्या वर बसलाय एवढंच.

आपला,
मुलीचा बाप

ता. क. काहीही नको असं वर लिहिलंय ते खोटं आहे. गुरुवारी दहा वाजता चौकशीला या. दाढ, चलन, लाल डबा, जसं घडलं तसं सांगा. एकाहत्तर लॉकं मी ताडपत्रीखालून काढून टेबलावर मांडतो, पण ती आली कुठून हे विचारतील तेव्हा चलनावरची सही तुमची आहे. मानपत्र खाली उतरवावं लागेल. त्याचा खिळा मी कधीचा हलवून ठेवलाय.

ता. क. दुसरा. विहीणबाई, हे मोठ्याने वाचा. रंगाच्या फर्मानाचा कागद साहेबांनी सोमवारी माझ्या टेबलावर ठेवला होता. ‘गोदामातील सर्व वस्तू’ असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं आणि खाली माझी संमती हवी होती. तेवढ्यात व्याहीबुवांचा कपाटाचा फोन आला. बोलता बोलता मी न वाचताच सही केली. माझी दाढसुद्धा दुखत नव्हती. म्हणजे तुम्ही आलात तर दोघांनी दोघांचं सांगायचं, आणि नाही आलात तर मी एकटा दोघांचं सांगणार आहे. हे मात्र नक्की.

ता. क. तिसरा. हे लिहीत असताना जावई गोदामात येऊन गेले. पत्र झाकायला वेळ मिळाला नाही, पण त्यांनी नुसता वरचा मायना पाहिला. मानपत्राकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “यातलं बाबांना काही कळवू नका. त्यांनी इतकी वर्षं नाव राखलं, मी घालवलं, असं वाटेल त्यांना.” मी हो म्हटलं. तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देता येत नाही, आणि आज मंगळवार, टपालात टाकलं तर शुक्रवारी पोचेल. म्हणून उद्या सकाळच्या बसने मीच घेऊन येतोय. आपल्या घराची पायरी चढणार नाही असं लिहून बसलोय, तेव्हा जिन्याच्या खालीच थांबेन. विहीणबाईंचं वाचून झालं की आपण चपला घालून खाली या. संध्याकाळच्या बसची दोन तिकिटं मी काढून ठेवली आहेत.