आमचा प्रिंटर वरच्या मजल्यावर छापतो

चिरंजीव धाकट्यास ताईचे आशीर्वाद, आणि एक धपाटा. तो भेटल्यावर पाठीत घे. इकडे सगळे बरे. अण्णांचे गुडघे बरे नाहीत, पण ते कधीच नव्हते, तेव्हा बरेच म्हणायचे. तू वेळेवर जेवतोस का? खोटं लिहू नकोस. माझं अक्षर तुला लागत नाही म्हणून हे एकेक बोट मारून टाइप केलंय, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

आता तुझ्या प्रिंटरचं ऐक. जाताना जुन्या कॉम्प्युटरवर तो पेंग्विनवाला लिनक्स घालून गेलास, आणि आता हा बिनवायरीचा प्रिंटर धाडलास. का, तर अण्णांना तुझ्या मेल मोठ्या अक्षरात कागदावर वाचता याव्यात. (पडद्यावर त्यांचा विश्वास नाही. मी वाचून दाखवलं की म्हणतात, मधलं गाळलंस. गाळलेलं असतंच. लोकांचे कपडे शिवून द्यायचे, की तुझ्या ऑफिसातल्या खुर्चीचं वर्णन वाचत बसायचं?) तू फोनवर म्हणालास, सोपं आहे, प्रिंटरचं बटण दाब आणि दोन मिनिटांच्या आत राऊटरचं दाब, की दोघांची ओळख होते. अरे शहाण्या, राऊटर आहे कुठे? नेट आपण वरच्या दातांच्या डॉक्टरांचं वापरतो, तो डबा त्यांच्या दवाखान्यातल्या कपाटावर! म्हणून अण्णांना खाली प्रिंटरपाशी बसवलं आणि मी वर गेले. ठरलं असं, की बटण दाबलं की त्यांनी काठीने छताला ठोकायचं. त्यांनी आधी ठोकलं, मग चष्मा शोधला, मग बटण शोधलं, आणि दाबलं ते बंद करायचं. मी डॉक्टरांच्या स्टुलावर चढलेली, आणि खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघतोय. (त्याचा इलाज नव्हता.)

खाली येऊन बघते तर कॉम्प्युटरवर प्रिंटरचं नाव आपोआप आलेलं. म्हटलं, जमलं! तुझी मेल छापायला पाठवली. प्रिंटर ढिम्म. परत पाठवली. परत. मग त्याला एक ठेवून दिली. (माझी शिवणाची मशीन एवढ्यावर चालते.) तेवढ्यात डॉक्टर कागदांचा गठ्ठा घेऊन जिना उतरून आले. म्हणाले, "ताई, तुमच्या भावाची पाठ दुखते, हे मला तीन वेळा कळलं." तुझ्या पेंग्विनने त्यांचाच प्रिंटर शोधून काढला होता!

मी ओशाळले. पण अण्णा म्हणाले, आणलंच आहे तर वाचून दाखवा. आणि त्या माणसाने वाचलं रे! खुर्चीसकट. तुझ्या विनोदांपाशी थांबून हसले. (ते विनोद होते हे मला तेव्हा कळलं.) आई गेल्यापासून अण्णा संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडायचे. आता दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला धुतलेला शर्ट घालून बसतात, कान जिन्याकडे. डॉक्टरही वर एकटेच. चहा पिऊन, अण्णांशी तुझ्या पाठीवर चर्चा करून मग जातात.

तू सुट्टी काढून प्रिंटर दुरुस्त करायला येतो म्हणतोस. ये. पण प्रिंटरला हात लावायचा नाही.

तुझी ताई

ता. क. प्रिंटर केव्हाच चालू झालाय. मीच केला. नेटचा पासवर्ड त्याच्या टिचभर पडद्यावर एकेक अक्षर करून घातला. अण्णांना आणि डॉक्टरांना बोलले नाही. दर वेळी यादीतून डॉक्टरांचाच निवडते. तूही तोंड बंद ठेव, आणि मेल जरा लांब लिही. परवाची मेल चहा निवायच्या आत संपली.

आणखी ता. क. (हे हाताने लिहितेय, लावून घे.) सवयीने हे पत्रही वरच पाठवलं गेलं! डॉक्टर आत्ता देऊन गेले. नीट घडी घातलेलं, म्हणून म्हटलं, वाचलं नसेल, सुटले. तर जिन्यात वळून म्हणाले, "तुमचा प्रिंटर चालू झाला ना, त्याच दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर दिसला. मी शाई जास्तीची आणून ठेवलीय. भावाला सांगा, लिही म्हणावं लांब."