केशवरावांच्या खालची माणसं

भंडारा, १४ नोव्हेंबर १९८८, सोमवार

आले एकदाची. आंधळगावला एस.टी.त बसले तेव्हा पोह्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं. उतरले तेव्हा गाठोडं शेजारणीकडे आणि तिची कोंबडी माझ्याकडे. नात चंद्रकला स्टँडवर पोट धरून हसत होती. ती इथे विणकरांच्या सोसायटीत कामाला आहे, खोली करून एकटी राहते. मायबाप लहानपणीच गेले, मीच वाढवली. आता सोबतीला आले.

मला अक्षर येत नाही. मी सांगायचं, चंदाने लिहायचं, असं ठरलं. माझं बोलणं ती शाळेच्या भाषेत बसवते. म्हातारीला इस्त्रीचं लुगडं नेसवल्यासारखं वाटतं, पण लिही बापा.

दुपारी तिचं ऑफिस बघितलं. गार खोलीत एक काचेची पेटी, तिच्यात हिरवी अक्षरं. कम्प्युटर म्हणतात. आत चपला काढून जायचं, म्हणून मी आपला नमस्कार केला. मॅनेजर मोतीलालजी भारी चोख माणूस. कोणी काही बोललं की लगेच कागदावर. त्यांनी विचारलं, आंधळगावच्या शकुनबाई तुम्हीच का? मी म्हटलं, "ते म्हातारी तं मेली जी. मी तिचं भूत आहो." चंदा हसली. मोतीलालजी हसले नाहीत. मान खाली घालून लिहीत राहिले.

१६ नोव्हेंबर, बुधवार

चंदाने आज तिचं काम समजावलं. त्या पेटीत दोन तक्ते आहेत. एकात प्रत्येक घरचा मुख्य माणूस, प्रत्येकाला एक नंबर. दुसऱ्यात मागावर बसणारे बाकीचे सगळे, आणि प्रत्येकाच्या ओळीत त्याच्या मुख्य माणसाचा नंबर. एका तक्त्यातला नंबर असा दुसऱ्या तक्त्यात आणून ठेवला की त्याला फॉरेन की म्हणतात. पहिल्या तक्त्यात नसलेला नंबर टाकला तर यंत्र ती ओळ घेतच नाही. मी म्हटलं, हे तर आपल्या गावासारखंच झालं. कोणाची गं तू, हे विचारल्याशिवाय कोणी पाणी देत नाही.

सुट्टीत मागावर बसायची म्हणून तिचं नाव त्यात आहे. माझंही आहे. दोघी दोनशे चौदा नंबराच्या खाली. दोनशे चौदा म्हणजे केशवराव, माझा नवरा.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. पण सोसायटीत तो जिवंत आहे. आमच्या घरची रीत अशी की माणसाने आपल्या हाताने ओढलेला ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर आहे तोवर तो गेला असं बाहेर सांगायचं नाही. तो ताणा मी अजून कापला नाही. चंदाने विचारलं, काहून? मी म्हटलं, त्याले कुठं घाई आहे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

नागपूरहून मधुकरराव इंजिनिअर आले होते. मेलेल्या माणसांची नावं निघत नाहीत अशी मोतीलालजींची तक्रार होती. यंत्र अडून बसायचं की याच्या खाली माणसं आहेत, याला खोडणार नाही. मला तर त्या यंत्राचं बरोबर वाटलं. मधुकररावांनी नियम बदलला. आता वरचा खोडला की खालचे आपोआप जातील. दर शनिवारी पाचला मोतीलालजी खोली आतून लावून बटण दाबतील. खालच्या जिवंत माणसांचं काय, असं चंदाने विचारलं. ते म्हणाले, त्यांनी नवीन फॉर्म भरावा. आणि गेले नागपूरला.

चंदाने मुख्य माणसांची यादी घरी आणली. ती वाचत गेली आणि मी कोण मेलं ते सांगत गेले. लई मजा आली. माझ्या शेजारच्या इश्वरचा बाप भैय्याजी अजून यादीत होता. मी म्हटलं, मेला की, त्याची तेरवी मी जेवली आहे, बुंदी कच्ची होती. चंदाने खूण केली.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

गोधडी आणायला आंधळगावला गेले. इश्वरचं दार सताड उघडं. मागावर अर्धं लुगडं, धोटा सुतात तसाच अडकलेला. चुलीवर भात करपून काळा. इश्वर नाही, त्याची मंगला नाही, दोन्ही पोरी नाहीत.

समोरच्या रुखमिणीला विचारलं, इश्वर कुठे गेला? तिने विचारलं, कोण इश्वर? ती लग्न होऊन आली तेव्हापासून ते घर रिकामंच आहे म्हणे. मी तिला हाताला धरून आत नेलं, मागापुढे उभी केली. तिने चारी कोपऱ्यांत पाहिलं. मग म्हणाली, "आजी, इथं मले काहीच नाही दिसून राहिलं."

गोधडी तिथेच विसरले.

२३ नोव्हेंबर, बुधवार

चंदालाही इश्वर आठवत नाही. त्याच्या खांद्यावर बसून ती मंडईची जत्रा बघायला जायची. मी शुक्रवारचं पान काढायला लावलं. तिने वाचलं. अक्षर तिचंच. पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "हे मी लिहिलं?"

माझ्या डोक्यातलं कधी कागदावर चढलं नाही. म्हणून ते कागदावरून पुसलंही जात नसेल.

शनिवारी भैय्याजीला खोडलं, आणि इश्वरचं घर त्याच्याच नंबराखाली होतं. भैय्याजी मेला हे मीच सांगितलं होतं. हसत हसत.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रामपंचायतीतून मेलेल्यांची यादी आली आहे. तिच्यात केशवराव आहे, त्याचं सरण गावाने पाहिलंच होतं. शनिवारी त्याला खोडतील. खाली मी आहे, चंदा आहे.

मी म्हटलं, त्याच्या खालून तुझं नाव काढून घे. ती म्हणाली, त्याला मुख्य माणसाची सही लागते. केशवरावची सही आता कुठून आणू? मग म्हटलं, तूच मुख्य हो. बिनलग्नाची पोर मुख्य होत नाही, म्हणाली.

विधवा होते.

म्हणजे मला नवा नंबर घ्यायचा, चंदाची ओळ त्याला बांधायची, शनिवारच्या आत. आधी माझा नंबर, मग तिची ओळ. उलटं झालं तर यंत्र घेणार नाही. आणि केशवराव गेला, असं मला तोंडाने सांगावं लागेल.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. मोतीलालजी तुमसरला गेले होते, म्हणून चंदानेच अंगठा घेतला. सहाशे एकतीस, माझा नंबर. दोनशे चौदाखाली आता कोणी नाही, चंदा माझ्या खाली.

आंधळगावला जाऊन ताणा कापला. तीन वर्षं त्याला टांगून ठेवला होता मी. रडले थोडी. परत येऊन चंदाला म्हटलं, आता मी तुझी मुख्य आहे, पाय चेप. तिने चेपले.

२६ नोव्हेंबर, शनिवार

चंदा आज चारलाच घरी आली. आजच्या खोडायच्या यादीची नक्कल आणली आहे. म्हटलं, वाच, केशवरावला निरोप देऊ. तिने वाचलं. तो आहे. ठीक.

पुढे वाचेना. कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला नुसत्या मुंग्या दिसतात. काय लिहिलंय ते सांग म्हटलं—

"आजी, यात तुझं नाव आहे."

मोतीलालजींच्या अक्षरात. शकुनबाई, मयत. तारीख चौदा. स्वतः सांगितले.

माझी थट्टा. मुख्यांच्या तक्त्यात माझं नाव नव्हतं, म्हणून त्यांची ती नोंद नुसती पडून होती. काल आम्हीच नाव चढवलं. चंदाला आम्हीच त्याच्या खाली—

चंदा धावली ऑफिसात. खोली आतून बंद. दार बडवलं. यंत्राच्या आवाजात आत ऐकू जात नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला. वाजतोय, उचलत नाहीत. परत आली. पुन्हा जा म्हटलं. नाही म्हणते. आजी, तू सांग, मी लिहिते, लिहिलेलं राहील.

इश्वरचंही लिहिलेलं होतं गं. लिहिलेलं राहिलं, इश्वर नाही.

पाच वाजायला सहा मिनिटं.

लिही. मी जिवंत आहे. अंगठा लाव माझा इथे. लावला.

लिही. चंद्रकला. केशवरावची नात, शकुनबाईची नात. उजव्या भुवईवर तीळ. भातावर दही घेते, साखर नको म्हणते. थांबू नको, लिही.

लिही, मी सांगते— ही पोर आहे. माझ्यासमोर बसली आहे. ही पोर माझ्या—