सुमनअक्कांच्या साडीचा रंग

मंगळवार, संध्याकाळ. धुळे.

पाय ठणकताहेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. गेल्या आठवड्यात सुमनअक्का कापूस वेचत असताना मी काढलेला त्यांचा फोटो आज चाळीसगावजवळ त्यांच्या गावी जाऊन त्यांना दिला. माझ्या मते यंदाचा सगळ्यात चांगला. सुकल्या बोंडांनी ओरखडलेले त्यांचे उघडे हात काळ्या-पांढऱ्यात काय उठून आलेत! प्रदर्शनात हाच पहिला लावणार होतो.

अक्कांनी हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाऊ, मन्ही साडीना रंग कोठे गया?"

मी हसलो. म्हटलं, माझे फोटो असेच असतात, बिनरंगाचे.

"नवी साडी व्हती. फोटोमा दिखी म्हनीसन सदरा काढी ठेवा व्हता मी."

वेचणाऱ्या बाकी सगळ्या बायांनी साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. ओरखडे लागू नयेत म्हणूनच घालतात. मला दिसत होतं की. मग एकट्या अक्काच सदऱ्याशिवाय का, हे विचारायला काय झालं होतं? म्हणजे ते ओरखडे... माझ्यासाठीच. आणि मी ते कष्ट म्हणून टिपत बसलो.

दुसरी प्रत समोर ठेवलीय. साडी नुसती करडी. केव्हाचा तिचा रंग आठवायला बघतोय. हिरवी होती? की जांभळी?