एकशे एकाहत्तर तास

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१८ नोव्हेंबर

ती. आप्पाकाकांना,

तुमच्या पुतणीचा, नीलांबरीचा, वाकून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, पण नमस्कार वाकूनच आहे असं समजावं.)

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे. पण तुमची ती मेल वाचल्यापासून तुमच्यापुढे कुठलंही विधान करायचं म्हणजे धडकी भरते. न जाणो, तपासायला घ्याल. तेव्हा तपशिलात सांगते. गुडघा दुखतो. प्रल्हादच्या ऑफिसात पुन्हा माणसं कमी करणार अशी आवई आहे. आणि तुमचे हे जावई, मी व आमची लेक सावनी असे तिघे एका घरात राहून गेले चार दिवस एकमेकांशी फक्त मीठ-चटणीपुरतं बोलतो आहोत. बाकी कुशल. काकूची साखर कशी आहे? आणि तुमचा ऑपरेशन झालेला डोळा? (उत्तम असणार. आठ हजार मैलांवरून तुम्हाला आमच्या अर्जातला एक आकडा दिसला, म्हणजे मोतीबिंदू मुळासकट निघालेला आहे.)

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही पहिल्याच मिनिटाला ‘बरं, ठेवू?’ म्हणता. पानांचे फोटो तुमच्या दवाखान्यातल्या सुवर्णाच्या फोनवर पाठवीन, ती छापून देईल. तिने वाचलं तरी हरकत नाही. निम्म्या फलटणला नाहीतरी कळायचंच आहे.

आता पार्श्वभूमी. इथे डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांचं कॉलेज, मग एक राक्षसी परीक्षा, आणि मग मेडिकल कॉलेजांना अर्ज. त्या अर्जात मार्कांइतकाच भाव ‘कामांना’. पंधरा कामं लिहायची: कुठे केलं, किती तास केलं, आणि खात्री करून घ्यायची झाल्यास कोणाला विचारायचं त्याचं नाव, फोन, ईमेल. शिवाय त्यांतली तीन कामं आयुष्याला अर्थ देणारी म्हणून निवडायची. बाविसाव्या वर्षी! (मी एकोणपन्नासची आहे, मला अजून एक सापडत नाही.) त्यामुळे इथल्या आपल्या घरांत मूल नुसतं काहीच करत नाही. जे करतं त्याचे तास होतात. आमच्या पलीकडच्या प्रीताचा अमेय मंडळाच्या दिवाळीला बुंदीचे लाडू वळायला आला होता, एक दुपार. अर्जात ते ‘समाजातील अन्नसुरक्षा’ झालं, तास शंभर. त्याच्या आजीने सहा महिने इथे राहून त्याला गरम वरणभात वाढला, ती झाली ‘वृद्धसेवा’. आणि खात्रीसाठी नाव कोणाचं? आजीच्याच, न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मुलाचं. कोणी विचारलंच तर म्हणून त्या गृहस्थाने अडीच पानं आधीच लिहून ठेवली. प्रीताने मला ती वाचून दाखवली. ऐकून माझी खात्री पटली की अमेय जिवंत आहे तोवर त्या आजीला मरण नाही.

प्रीताच मला सांगायची, ‘अगं, कोणी चेक करत नाही यार. शंभरात एखाद्याला विचारतात.’ खरंच आहे. त्या शंभरातली एक आमची सावनी निघाली. आणि विचारलं ते कोणाला? तर अख्ख्या भारतात अशा एकाच माणसाला, जो दवाखाना स्वतःचा असूनही १९८१ सालापासून रोज सकाळी हजेरीबुकात स्वतःची सही करतो.

तुमच्या मेलची प्रत तुम्ही ‘माहितीसाठी’ म्हणून मलाही पाठवलीत, त्याबद्दल आभारी आहे. मी ती इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली. कॉलेजने एका ओळीत विचारलं होतं: सावनीने दोन उन्हाळे तुमच्याकडे दोनशे एकाहत्तर तास काम केलं, हे बरोबर आहे का, आणि ती काय करायची? अमेयच्या काकाने इथे स्तुतीच्या गंगा-यमुना वाहवल्या असत्या. तुम्ही हिशेब दिलात. वेळ नऊ ते दोन, जेवणाचा अर्धा तास वजा, राहिले साडेचार. दिवस चाळीस, पैकी दोन दिवस जुलाबामुळे गैरहजर. (आप्पाकाका, अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजला माझ्या मुलीच्या पोटाची हकीगत कळवायची गरज होती का? आणि ‘बाहेरची पाणीपुरी, सांगूनही खाल्ली’ ही पुरवणी?) अडतीस गुणिले साडेचार, एकशे एकाहत्तर. पुढे तुमचं औदार्य: ‘आपल्याकडील आकड्यात टंकलेखनाची चूक झालेली दिसते, कृपया दुरुस्त करावी.’ म्हणजे तुम्ही चक्क कॉलेजलाच चुकीचं ठरवलंत! त्यांनी साहजिकच तपासलं आणि चूक त्यांच्याकडे नव्हती.

आणि ती काय करायची, या प्रश्नाला उत्तर? ‘केसपेपर लिहिणे, वजन-उंची घेणे, ब्लडप्रेशर पाहणे. अक्षर बरे आहे. म्हाताऱ्या माणसांचे ऐकून घेते. माझी नात लागते, तेव्हा अधिक स्तुती करणे योग्य नव्हे. योग्य वाटल्यास घ्यावे, नसल्यास घेऊ नये.’

‘नसल्यास घेऊ नये’! इथे लोक कुत्र्याच्या पिल्लाची शिफारससुद्धा ‘असाधारण’पासून सुरू करतात. आपल्याकडे ‘बरी आहे’ म्हणजे उत्तम, हे मला कळतं, तुम्हाला कळतं. एकोणपन्नास वर्षांत तुमच्या तोंडून ‘अक्षर बरं आहे’ हे कोणाबद्दल ऐकलं नव्हतं, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणीही आलं. पण त्यांच्या कमिटीत फलटणचं कोणी नाही.

आता खरं ते सांगते. गेल्या वर्षी सावनीला कुठूनच बोलावणं आलं नाही. वर्षभर ती इथल्या एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या मागे उभं राहून टिपणं टाइप करते आहे. यंदा एकोणीस ठिकाणी अर्ज केले. सतरांनी नाही म्हटलं, एक गप्प आहे, आणि एकाने, याच कॉलेजने, नऊ डिसेंबरला मुलाखतीला बोलावलं होतं. चार दिवसांपूर्वी त्यांची मेल आली: तासांतल्या तफावतीचा खुलासा दहा दिवसांत करावा, तोवर मुलाखत स्थगित. तिने मुलाखतीसाठी घेतलेला निळा कोट जिन्याच्या कठड्यावर टांगलेला आहे. तो कपाटात ठेव असं कोणी म्हणत नाही, आणि कोणी ठेवतही नाही.

तेव्हा विनंती अशी. अर्जात आकडा चुकून थोडा पुढे सरकला, हे मान्य. पण तुमच्या हिशेबातही एक गोष्ट राहिली आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ ती तुमच्या शेजारी झोपाळ्यावर बसायची आणि पेशंटचं कसं ऐकायचं, पोट कसं चाचपायचं, हे तुम्ही तिला सांगायचात. चाळीस दिवस, अडीच तास. शंभर बरोबर होतात. मी ओढूनताणून आणलेलं नाही, गणितच तसं आहे. (जुलाबाचे दोन दिवस धरले आहेत, आजारी माणसालाही ऐकता येतं.) तेवढं त्यांना एका ओळीत कळवावं. काकूला नमस्कार, सुवर्णाला आशीर्वाद.

तुमची,
नीलांबरी

ता. क. ‘आकडा चुकून पुढे सरकला’ असं वर लिहिलंय. आकडे सरकत नाहीत. सावनीने एकशे एकाहत्तरच लिहिलं होतं. जूनमध्ये अर्ज पाठवायच्या दिवशी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून ती आंघोळीला गेली. ‘आई, जस्ट चेक द स्पेलिंग्ज.’ मी फलटणचं स्पेलिंग पाहिलं, आणि पुढच्या रकान्यात एकाच्या जागी दोन केला. एक बटण. वाईट याचं वाटतं की त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. आमटीत मीठ कमी वाटलं म्हणून चिमूटभर टाकावं, इतकंच. अमेयचे लाडू डोक्यात होते. ती केस पुसत आली, ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ यावर टिचकी मारली आणि अर्ज पाठवला. पुन्हा पाहिलं नाही, कारण आईने पाहिलं होतं. कॉलेजची मेल आली तेव्हा तिने मला एकदाच विचारलं, ‘डिड यू चेंज इट?’ मी म्हटलं, ‘मी कशाला हात लावू?’ प्रल्हाद समोरच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ता. क. २. एकोणीस तारीख, सकाळ. फोटो काढायच्या आधीच सावनीने कॉलेजला उत्तर पाठवून दिलं. मला नंतर दाखवलं. चार ओळी आहेत. तास एकशे एकाहत्तर. डॉक्टरांचं हजेरीबुक बरोबर. आकडा भरताना माझ्या हातून चूक झाली. क्षमस्व. मी म्हटलं, ‘अगं, पण तू कुठे...’ ती म्हणाली, ‘आय नो, आई. माझ्याकडे अर्जाची आदल्या रात्रीची कॉपी आहे ना.’ आणि डबा न घेता कामावर गेली. एक तास वाढवून न लिहिणारी मुलगी, आणि तिला लेखी खोटं बोलावं लागलं, तेही मला झाकायला. आता ती चूक तिच्या नावापुढे कायमची राहणार. कॉलेजकडून अजून काही नाही.

ता. क. ३. झोपाळ्याची विनंती रद्द समजावी. त्याऐवजी कॉलेजला पुन्हा एक मेल करा. चूक मुलीची नाही, तिच्या आईने तिच्या नकळत आकडा बदलला, असं स्वच्छ लिहा. माझं पूर्ण नाव घाला. मी लिहिलं तर त्यांना आईची माया वाटेल, तुमचं ते मानतात, हे आता सिद्धच झालंय. अर्जाला दुसऱ्याचा हात लागला म्हणून उरलंसुरलं जाईल की काय, ते मला कळत नाही. प्रल्हादला विचारलं, तो म्हणाला, ‘आता तू काही करू नकोस.’ म्हणून तुम्हाला सांगते आहे. सावनीला यातलं काही बोलू नका. हेही मी तिला न विचारताच करते आहे, हे माझ्या लक्षात आलंय. पण विचारलं तर ती नको म्हणेल. जूनमध्येही नकोच म्हणाली असती.