कणकेचे सोळा वॉगल

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं मनातल्या मनात).

तू पाठवलेलं पार्सल मिळालं. आत तांबूस कातड्याच्या पट्ट्या, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ, भोकं पाडायची आरी, आणि तळाशी भावोजींची चिठ्ठी: पोरांनी बिनधास्त कापावं, बिघडलं तर आपलं दुकान आहेच. पार्सल सोडवायला पाच रुपये पडले, ते 'किरकोळ'मध्ये लिहिले. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. ठीक म्हणजे, पार्सल येऊन महिना झाला आणि मी साधी पोच दिली नाही, यावरून काय ते तू ओळखलंच असशील.

आमच्या धाकट्याच्या स्काउट पथकाला गळ्यातल्या रुमालाचे वॉगल घरीच करायचे होते. (वॉगल म्हणजे रुमालाची दोन्ही टोकं ओवून गळ्याशी सरकवायचं कडं. मी आधी औषध समजले होते.) त्यांचे मास्तर, ज्यांना मुलं शिट्टी सर म्हणतात, त्यांनी आयांना विचारलं, कोण शिकवेल? माझ्या आधी माझा हात वर गेला. म्हणून तर तुझ्याकडे कातडं मागितलं. पण ते हातात घेतलं तर लोण्यासारखं मऊ गं! असलं कातडं सोळा पोरांच्या कात्रीखाली द्यायचं? जिवावर आलं. काहीतरी चांगल्या कामाला होईल म्हणून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. कुठल्या चांगल्या कामाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग घरातलंच शोधू लागले. दोऱ्याची रिकामी रिळं अरुंद निघाली. जुन्या बांगड्या इतक्या सैल, की रुमाल एकीकडे आणि बांगडी पायाशी. शेवटी किडे झालेली कणीक सापडली. अन्न टाकणं माझ्याच्याने होत नाही, वर बघणारा बघतो. त्यात मधाची बाटली नुकतीच संपलेली, तीही विसळून ते पाणी कणकेत घातलं (चिकटपणा येतो, शिवाय बाटली धुऊन निघते). सोळा पोरं स्वयंपाकघरात बसवली. लाटण्याच्या मुठीभोवती कणीक वळायची, अलगद सोडवायची, उन्हात वाळवून रंगवायची. एकाने आपल्या अंगठ्याभोवतीच वळली आणि तसाच घरी गेला. संध्याकाळी त्याची आई तो अंगठा पुढे धरून आली, जशी काही मी लेकराला बेडी घातली होती. पण वॉगल दिसायला असे देखणे झाले, की सर म्हणाले, वहिनी, दुकानातले फिके पडतील. खर्च शून्य. वहीत ते शून्य मी जरा मोठंच काढलं.

मेळाव्याला मोठे पाहुणे येणार होते. मैदान झाडताना पोरांनी रुमाल आणि वॉगल झाडाखाली गवतात ठेवले. शिट्टी झाली, घाईघाईने गळ्यात चढवले, रांगेत उभं राहून सलामी दिली, आणि पाहुणे शिस्त या विषयावर बोलू लागले. आधी टोकाच्या पोराचा खांदा उडाला. मग शेजारच्याचा. ताई, लाल मुंग्या! आणि 'विश्राम' म्हटल्याखेरीज हात खाली घ्यायचा नाही. पाहुणे शिस्तीचे फायदे सांगताहेत आणि समोर पोरं सलामी देत वळवळताहेत. आमचा धाकटा त्यांचा टोळीनायक. डोळ्यांतून धार लागली तरी तो हलला नाही. अखेर सगळ्यात लहानाने भोकाड पसरून रुमाल भिरकावला, आणि त्याचा वॉगल पाहुण्यांच्या चष्म्यावर जाऊन बसला.

सरांनी एक वॉगल मोडून जिभेला लावला आणि विचारलं, यात गोड कुणी घातलं? मी आयांच्या पहिल्याच रांगेत. तोंड उघडलं, आणि जांभई आल्यासारखं करून मिटलं. धाकटा म्हणाला, "मी, सर." त्याची टोळीनायकाची पट्टी तिथल्या तिथे उतरवली. घरी त्याच्या मानेवरच्या गांध्यांना तेल लावायला गेले, तर म्हणाला, "मध नाही ना त्यात?"

तेव्हापासून पूजेला बसले, की देवाच्या जागी ती पट्टीच दिसते. देवापुढे कबूल करून झालं, पण ते सोपं गं, देव कुठे शिट्टी वाजवतो?

भावोजींना यातलं काही सांगू नकोस. वॉगल छान झाले, एवढंच सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र वाचून पाहिलं, आणि 'काही सांगू नकोस'पाशी घास अडकावा तशी अडकले. तशीच उठून शाळेत गेले आणि सगळ्या पोरांसमोर सरांना खरं सांगितलं. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, मला शंका होतीच. मधाची बाटली विसळून वापरणारा मुलगा मी अजून पाहिला नाही." धाकट्याला पट्टी परत मिळणार आहे. मात्र रविवारच्या संचलनाला सगळ्यांच्या गळ्यात कातड्याचे वॉगल हवेत, आणि कापायचं पोरांनीच.

पुन्हा ता. क. ट्रंक उघडली. कातड्यावर हिरवी बुरशी आली आहे, दुधावर साय धरावी तशी. ती कशी घालवायची, भावोजींना विचार. असं कोंडून कुणी ठेवलं म्हणाले, तर या खेपेला माझं नाव सांग. उलट टपाली कळव.